दिकुमेचं तळं

कॅमेरूनच्या नैर्ऋत्य भागात कुम्बा हे गजबजलेलं शहर आहे. शहर मागे टाकून थोडं पुढे गेलं की दाट झाडीने झाकलेल्या कडांच्या मधोमध एक गोलसर तळं दिसतं. बारोम्बी म्बो. ज्वालामुखीच्या स्फोटाने पडलेल्या विवरात साठलेलं हे गोडं पाणी आहे. वय सुमारे दहा लाख वर्षं, रुंदी अडीच किलोमीटरच्या आत आणि खोली मात्र ११० मीटरच्या आसपास. या एवढ्याशा पाण्यात सिक्लिड कुळातल्या माशांच्या ११ जाती राहतात. त्या अकराही जाती पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत.

त्यातलीच एक जात दिकुमे. शास्त्रीय नाव कोनिया दिकुमे. वीतभरही लांबी नसलेला, रंगाचा भपका नसलेला हा मासा बाजारात कुणी पाटीत टाकून दिला तर दुसऱ्यांदा वळून पाहावंसं वाटणार नाही. त्याचं खरं नवल त्याच्या रक्तात आहे. तिथे पोचायला मात्र थोडा धीर धरावा लागेल, कारण ज्या बाईच्या कामाबद्दल हे लिहायचं आहे, तिलाही तिथे पोचायला बराच काळ लागला.

ती मूळची मालवणजवळच्या खाडीकाठची. सिक्लिड हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी तिने सिक्लिड खाल्ला होता. कोकण-गोव्याच्या खाड्यांत मिळणारा काळुंदर हा याच कुळातला मासा. भारतात या कुळाच्या मूळच्या जाती तीनच आणि काळुंदर त्यातली सगळ्यात मोठी. केरळात त्याला करिमीन म्हणतात. नर आणि मादी दोघंही अंडी राखतात, पिल्लं बाहेर पडली की दोघंही त्यांच्यासोबत फिरतात. लहानपणी खाडीच्या उथळ, स्वच्छ पाण्यात पिल्लांचा घोळका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोहणारे दोन मोठे मासे तिने पाहिले होते. मत्स्यशास्त्र शिकायला गेल्यावर प्राध्यापकांनी फळ्यावर कुळाचं नाव लिहिलं, आफ्रिका, अमेरिका, मादागास्कर आणि भारत असा त्याचा पसारा सांगितला, दीड हजारांहून जास्त जाती असल्याचं सांगितलं. तेव्हा आपल्या खाडीतला मासा एवढ्या मोठ्या खटल्यातला आहे याचा तिला मनापासून आनंद झाला. पुढची वाट तिथूनच फुटली.

शिक्षण संपवून ती युरोपातल्या एका निसर्गसंग्रहालयात कामाला लागली. काम बरण्यांचं. तळघरात लोखंडी मांडण्यांवर काचेच्या बरण्या, बरण्यांत अल्कोहोल, अल्कोहोलमध्ये मासे आणि प्रत्येक बरणीत जाड कागदाची चिठ्ठी. अल्कोहोल उडून जातं, म्हणून बरण्या ठरावीक काळाने तपासून भराव्या लागतात. झाकणं बदलावी लागतात. जुन्या चिठ्ठ्यांवरची शाई फिकट झाली असेल तर नवी चिठ्ठी लिहून जुनीच्या सोबत ठेवायची, जुनी कधीच फेकायची नाही. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचं पहिलं वर्णन झालं तो मूळ नमुना वेगळ्या कपाटात, वेगळ्या खुणेने ठेवलेला असतो. जगात कुणालाही त्या जातीबद्दल शंका आली तर शेवटचा दाखला तोच. नवख्या माणसाला हे काम कारकुनी वाटतं. ती मात्र पहिल्यापासून त्यात रमली, कारण चिठ्ठीवरची एक ओळ चुकली तर मागचं सगळं संशोधन लटकं पडतं हे तिला लवकर उमगलं होतं.

मापं घेणं हा कामाचा दुसरा भाग. कॅलिपरने डोक्याची लांबी, डोळ्याचा व्यास, शेपटीच्या देठाची उंची मोजायची. सूक्ष्मदर्शकाखाली कल्ल्यांच्या कमानीवरचे बारीक काटे, पाठीवरच्या पराचे कणखर आणि मऊ किरण, अंगावरच्या रेषेतले खवले एकेक करून मोजायचे. क्ष-किरणांच्या छायाचित्रात मणके मोजायचे. फॉर्मलिन आणि अल्कोहोल यांनी माशाचा रंग जातो आणि सगळेच पिवळट तपकिरी होतात. मग जाती ओळखायच्या त्या हाडांवरून, दातांवरून, तोंडाच्या ठेवणीवरून. बारोम्बी म्बोच्या माशांची पहिली गाठ तिला अशी पडली. एकाच तळ्यातले, एकमेकांचे सख्खे म्हणावेत असे मासे, पण तोंडं पाहिली तर प्रत्येकाचा उदरनिर्वाह वेगळा. पुंगू नावाच्या माशाचे दात जाड आणि जबडा भक्कम, कारण तो तळ्यातला स्पंज खातो. गोड्या पाण्यात स्पंज खाऊन जगणारे मासे फार विरळा, आणि तो स्पंजही याच तळ्यातला. कोन्ये नावाचा मासा कीटक खातोच, शिवाय दुसऱ्या माशांची अंडीही खातो. काही जाती शेवाळ आणि कुजका पालापाचोळा चघळतात, काही छोट्या माशांवर आणि कोळंबीवर जगतात.

उंगा, फिस्सी, कुलुलु, पुंगू, कोन्ये, म्याका, मोंगो, पिंडू, दिकुमे. ही नावं तळ्याकाठच्या बारोम्बी लोकांची आहेत. शास्त्राने त्यातली कितीतरी जशीच्या तशी उचलली. स्वीडनच्या आयनार लोनबर्गने १९०३ मध्ये इथला पहिला सिक्लिड वर्णन केला, १९३० मध्ये माक्सिमिलियान हॉलीने आणखी तीन. या चारही जातींना माणसांची नावं मिळाली. पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या एथेलविन ट्रेवावस यांनी हे मासे हाती घेतले आणि हळूहळू नावांची रीत बदलली. १९७२ मध्ये त्यांनी जेम्स ग्रीन आणि सारा कॉर्बेट यांच्यासोबत जो मोठा निबंध प्रसिद्ध केला, त्यात दिकुमे, म्याका, मोंगो आणि पिंडू या चार जाती बारोम्बींच्याच नावांनी शास्त्रात आल्या.

ट्रेवावस यांच्याबद्दल ती नेहमी आदराने बोलते. १९०० साली कॉर्नवॉलमध्ये जन्मलेल्या या बाईंनी सगळं आयुष्य माशांच्या वर्गीकरणात घातलं. बारोम्बी म्बोचा निबंध आला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. तिलापिया गटावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९८३ मध्ये आला, तेव्हा ऐंशीही ओलांडली होती. या गटातले काही मासे अंडी तळाशी घालून राखतात, काही तोंडात धरून उबवतात आणि तोंडात धरणाऱ्यांतही काहींत हे काम फक्त आई करते. पिल्लं वाढवण्याच्या या रीतींना ट्रेवावस यांनी वर्गीकरणात मोठं वजन दिलं. आज उजनीच्या धरणात मिळणारी, भिगवण-इंदापूरच्या खाणावळींत तळून येणारी चिलापी ओरिओक्रोमिस या प्रजातीत गणली जाते ती त्यांच्याच मांडणीमुळे. माशांच्या सवयी वर्गीकरणात आणणं त्या काळी सगळ्यांना मान्य नव्हतं. आज ते धाडस योग्य होतं असंच म्हणावं लागेल.

बरण्यांतले मासे कितीही मोजले तरी जिवंत मासा कसा वागतो हे कळत नाही. कॅमेरूनच्या ज्या इंग्रजीभाषक भागात हे तळं आहे, तिथे २०१६ पासून अशांतता सुरू झाली. त्याच्या आधीच्या काळात, स्थानिक संशोधकांच्या सोबतीने, तिला तळ्यावर काम करायला मिळालं. कुम्बाहून काठापर्यंत यायचं आणि एका खोडाच्या होडीतून पलीकडे जायचं. बारोम्बींचं गाव तळ्याच्या दुसऱ्या बाजूला आहे.

तिथे तिला कामाची उलटी बाजू दिसली. संग्रहालयात मासा आधी समोर येतो आणि त्याची माहिती नंतर शोधावी लागते. इथे माहिती होडीत बसलेली होती. त्या भागात वडीलधाऱ्या पुरुषाला ‘पा’ म्हणतात. गावातले एक पा जाळं उपसून मासे वेगळे करत असत. त्यांचा हात चालायचा आणि तोंडाने एकेक नाव यायचं. तिला ज्या दोन जाती वेगळ्या करायला सूक्ष्मदर्शक लागायचा, त्या ते पाण्यातून वर येता येताच सांगत. विचारलं की कारणही सांगत. हा काठाच्या दगडांतला, हा उघड्या पाण्यातला, हा खालचा, जाळं खोल लावलं तरच येणारा. खालचा म्हणजे दिकुमे. तिने स्वतःपुरता एक नियम घालून घेतला. मासा हातात आला की पहिली नोंद स्थानिक नावाची, मग जाळ्याचा प्रकार, खोली आणि वेळ. मापं त्यानंतर. आजही ती नव्या विद्यार्थ्यांना वहीचे रकाने याच क्रमाने आखायला लावते.

खालचा हा शब्द बारोम्बी म्बोमध्ये साधा नाही. उष्ण प्रदेशातल्या खोल तळ्यांत वरचं कोमट पाणी आणि खालचं गार पाणी सहसा मिसळत नाही. वरच्या पाण्याला हवेतून आणि शेवाळातून प्राणवायू मिळत राहतो. खाली जे कुजतं ते तिथला प्राणवायू संपवून टाकतं आणि नवा पोचत नाही. बारोम्बी म्बोमध्ये साधारण वीस मीटरच्या खाली प्राणवायू जवळपास नसतो. म्हणजे ११० मीटर खोल तळ्यात माशांना राहण्याजोगा फक्त वरचा पातळ थर. बाकी सगळं पाणी त्यांच्यासाठी बंद.

हे तिने स्वतः मोजलं. पद्धत जुनी आहे, विंकलरची. ठरावीक खोलीवर बाटली भरून वर घ्यायची, बुडबुडा आत जाऊ न देता त्यात आधी मँगेनीजचा क्षार आणि मग अल्कलीत विरघळवलेलं आयोडाइड घालायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो आणि नसेल तर साका पांढराच राहतो. वरच्या बाटल्या गडद तपकिरी, मग फिकट, मग फक्त पिवळसर छटा, मग पांढऱ्याफटक. होडीच्या फळीवर त्या क्रमाने मांडलेल्या बाटल्यांकडे पाहून तळ्याची सगळी रचना एका नजरेत कळते. पांना मात्र ते पाहून नवल वाटलं नाही. अमुक खोलीच्या खाली जाळं लावून उपयोग नाही हे त्यांना वाडवडिलांपासून ठाऊक होतं.

मग दिकुमे खाली जातो कशाला? खाण्यासाठी. काओबोरस नावाची एक माशी असते, डासासारखी दिसणारी पण न चावणारी. तिची अळी पाण्यात वाढते आणि इतकी पारदर्शक असते की हातावर घेतली तरी नीट दिसत नाही. या अळ्या दिवसा प्राणवायू नसलेल्या खोल पाण्यात दडून बसतात, कारण तिथे त्यांना खाणारं कुणी येऊ शकत नाही. रात्री त्या वर येऊन चरतात. दिवसाच्या या सुरक्षित घरात घुसण्याची तयारी दिकुमेने केली आहे. ग्रीन, कॉर्बेट आणि बेटनी यांनी १९७३ मध्ये इथल्या सिक्लिडांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिकुमेच्या अंगात इतर जातींच्या मानाने रक्त जास्त आणि त्या रक्तात हिमोग्लोबिनही जास्त. वर असताना प्राणवायूचा साठा रक्तात भरून घ्यायचा, त्याच्या जोरावर खालच्या मृत पाण्यात बुडी मारायची, अळ्या खायच्या आणि साठा संपायच्या आत वर यायचं. कल्ल्यांनी श्वास घेणारा मासा पाण्यातच दम धरून पोहतो, हे वाक्य तिने पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचून पाहिलं होतं. तळ्यावर ताज्या दिकुमेचे गडद लाल कल्ले पाहिल्यावर मात्र शंका उरली नाही.

सारा कॉर्बेट पुढे मधमाश्या आणि परागीभवनाच्या अभ्यासासाठी नावाजल्या. फुलापर्यंत जायला कीटकाला किती शक्ती लागते आणि बदल्यात किती मिळते, हे त्यांच्या पुढच्या कामातले प्रश्न. दिकुमेच्या बुडीतही हाच हिशेब आहे. एकाच माणसाच्या कामात असे धागे सापडले की वाचणाऱ्याला बरं वाटतं.

शास्त्रज्ञांना या तळ्याचं आकर्षण वाटतं ते आणखी एका कारणाने. नवी जात तयार व्हायची तर आधी डोंगर, समुद्र, वाळवंट असा काहीतरी अडसर मध्ये यावा लागतो, असं विसाव्या शतकात बहुतेक उत्क्रांतिशास्त्रज्ञ मानत. एर्न्स्ट मायर हे त्या मताचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते. बारोम्बी म्बोमध्ये अडसर कुठला? गोल, वाटीसारखं तळं, इकडचा मासा तिकडे सहज जाऊ शकतो. १९९४ मध्ये उलरिश श्लीवेन, डीटहार्ड टाउट्स आणि स्वांते पेबो यांनी ‘नेचर’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. निआंडरथल मानवाचा जनुकसंच वाचल्याबद्दल २०२२ मध्ये ज्यांना नोबेल मिळालं, तेच हे पेबो. त्यांनी बारोम्बी म्बोच्या अकराही जातींचा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए तपासला आणि त्या सगळ्या एकाच पूर्वजापासून, या तळ्यातच फुटल्या असाव्यात असं दाखवलं. बेरमिन या कॅमेरूनमधल्याच दुसऱ्या छोट्या विवरतळ्यातल्या नऊ जातींचंही तसंच. एकाच घरात राहून भावंडं वेगळी होतात, याचा इतका स्वच्छ पुरावा तोवर क्वचितच मिळाला होता. पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण गेलं.

पण तळ्यातून एक छोटा प्रवाह बाहेर पडतो आणि जवळच्या नद्यांत तळ्यातल्या माशांचे नातेवाईक आहेत. २०१५ मध्ये ख्रिस्तोफर मार्टिन आणि सहकाऱ्यांनी जनुकसंचाचे हजारो तुकडे तपासले. पहिल्या वस्तीनंतरही नदीतल्या माशांची जनुकं तळ्यात येत राहिली होती, असं त्यातून दिसलं. उदाहरण आता पूर्वीइतकं स्वच्छ राहिलं नाही. २०१८ मध्ये त्याच गटाने पूर्ण जनुकसंच वाचला आणि म्हटलं की बाहेरची जनुकं आली हे खरं, पण त्यांच्यामुळेच जाती फुटल्या असं म्हणायला पुरेसा आधार नाही. वाद अजून मिटलेला नाही.

या वादात तिचं काम कणाएवढं. जुने फॉर्मलिनमधले नमुने डीएनएसाठी फारसे उपयोगी पडत नाहीत, म्हणून ताजे ऊतक लागतं. तळ्यावर माशाच्या पराचा छोटासा तुकडा कापून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायचा आणि मासा परत सोडायचा, अशी रीत. काठावरच्या माशांना ती लागू पडते. खोलवरून भरकन वर आलेल्या माशाचा वाताशय फुगतो, तो उलटा होऊन तरंगू लागतो आणि सोडला तरी नीट खाली जाऊ शकत नाही. त्यामुळे दिकुमेच्या बाबतीत सोडून देण्याचं समाधान नसतं. तिच्या गटाने ठरवलं की दिकुमेसाठी वेगळं जाळं लावायचंच नाही. गावकऱ्यांच्या जाळ्यात जो येईल, त्याच्यातूनच नमुना घ्यायचा, त्याची रीतसर किंमत द्यायची आणि उरलेला मासा ज्याच्या घरी शिजायचा त्याच्या घरी शिजू द्यायचा. संशोधन त्यामुळे सावकाश झालं. निर्णय बरोबरच होता. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत बारोम्बी म्बोच्या सिक्लिडांना ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलं आहे. त्यांची एक तुकडी मेली तर ती भरून काढायला जगात दुसरं तळं नाही.

संकट नेमकं कुठून येईल? कॅमेरूनमध्ये तळ्यांची भीती खरी आहे. १९८४ मध्ये मोनून तळ्यातून आणि २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री न्योस तळ्यातून कार्बन डायऑक्साइडचा लोट बाहेर पडला. न्योसच्या परिसरात सुमारे १,७०० माणसं गुदमरून मेली. त्यानंतर देशातली विवरतळी तपासली गेली. इतका घातक वायुसाठा न्योस आणि मोनून या दोनच तळ्यांत सापडला, बारोम्बी म्बोमध्ये नाही. इथलं संकट संथ आहे. कडांवरची झाडी तोडून कोको आणि पामची लागवड होते, पावसात माती उतरून पाणी गढूळ होतं. कुम्बा शहर याच तळ्याचं पाणी पितं. मासेमारीचा ताण आहे. २००६ मध्ये या तळ्याला पाणथळ जागांसाठीचा रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, भोवतीचं जंगलही राखीव आहे, पण कागद आणि काठ यांत अंतर असतं. २०१६ नंतर त्या भागातल्या लोकांनी फार सोसलं आहे. ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर सुरक्षित नाही, त्यांना माशांच्या संवर्धनाचे पाठ देणं बाहेरच्यांना शोभत नाही. या तळ्याला इतकी वर्षं राखलं ते त्याच्यावर जगणाऱ्या लोकांनी, आणि पुढेही तेच राखतील. बाहेरच्यांनी त्यांच्यासोबत उभं राहावं.

पिंडूसारख्या काही जाती युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी काचेच्या टाक्यांत वाढवल्या आहेत. त्यांची चिकाटी मोठी आणि हेतूही चांगला. पण टाकीत वीस मीटर खोली आणता येत नाही, खालचा प्राणवायू नसलेला थर आणता येत नाही, दिवसा दडणाऱ्या अळ्यांचा थवा आणता येत नाही. दिकुमे टाकीत जगला तरी तो ज्या कामासाठी घडला ते काम तिथे नाही. त्याला तळंच हवं.

तिला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बाहेरून आणून सोडलेल्या माशांची. हे निकाराग्वात घडून गेलेलं आहे. तिथल्या अपोयो या विवरतळ्यात अँफिलोफस झॅलिओसस ही सडपातळ, बाणासारखी सिक्लिड जात राहते आणि तीही फक्त तिथेच. तळं तेवीस हजार वर्षांपेक्षाही तरुण. २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधाने ही जात तिथेच, एकाच पाण्यात, फुटल्याचा पुरावा मांडला. त्याच तळ्यात १९९० च्या दशकात पिंजऱ्यांत आफ्रिकन तिलापिया पाळला गेला, मासे पिंजऱ्यांतून निसटले आणि तळाशी वाढणारी कॅरा ही पाणवनस्पती फस्त होत गेली. मूळ माशांची पिल्लं त्या वनस्पतींच्या आडोशाने वाढत असत.

सुट्टीत गावी आली की लोक तिला लोणारबद्दल विचारतात. तेही विवर, तेही तळं, मग तिथे असा एखादा मासा का नाही? लोणारचं पाणी इतकं खारं आणि अल्कधर्मी आहे की मुख्य तळ्यात मासे राहतच नाहीत. तिथलं जीवन सूक्ष्मजीवांचं, आणि तेही तितकंच जपण्याजोगं. पण महाराष्ट्राला बारोम्बी म्बोशी जोडणारा खरा धागा तिच्या मते लोणारात नाही, नद्यांत आहे. बॉम्बे आर्मीतल्या कर्नल विल्यम हेन्री साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली तेव्हा कितीतरी जातींना त्याने इथल्या मच्छीमारांकडून ऐकलेली नावं दिली. टोर खुद्री, लेबिओ पोटेल, हिप्सेलोबार्बस कोलस ही आजची शास्त्रीय नावं त्यातूनच आली. खुद्री हा आपला महसीर पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णिला गेला. बारोम्बींच्या होडीत जे घडलं ते भीमेच्या आणि मुठेच्या काठी आधीच घडलेलं होतं. आज पुण्यातल्या नदीकाठी उभं राहून खुद्री दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाही.

आणि याच खुद्रीची दुसरी बाजूही आहे. लोणावळ्याजवळ त्याची कृत्रिम पैदास यशस्वी झाली ही मोठी कामगिरी. पुढे पैदास केलेली पिल्लं कावेरीतही सोडली गेली, तिथे ती फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा उंच पाठीचा महसीर नाहीसा होण्याच्या काठावर आला. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया असाच पसरला. उजनीच्या मच्छीमारांचं पोट आज चिलापीवर चालतं, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण जो मासा ज्या पाण्याचा नाही तो तिथे सोडण्याआधी विचारणारं कुणीतरी हवं.

म्हणून ती भेटेल त्याला दोन गोष्टी सांगते, आणि त्या इथेही लिहून ठेवायला हव्यात. घरातल्या टाकीतला मासा नकोसा झाला, मोठा झाला, तर तो जवळच्या तलावात, विहिरीत किंवा नदीत सोडू नका. दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. आणि नदीकाठच्या आठवडी बाजारात मासे घ्यायला गेलात तर विकणाऱ्या मावशींना माशाचं नाव विचारा, तो कुठल्या पाण्यातला, कुठल्या जाळ्यातला तेही विचारा, आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवा. भोई आणि कोळी समाजातल्या वडीलधाऱ्यांकडे अशी नावं अजून आहेत. ती सांगणारी माणसं आहेत तोवरच हे काम होईल.